न जळालेल्या करंड्या

१

विमान जळून खाक झालं आणि त्यातली विड्याची पानं मात्र जळली नाहीत, असं चांदीपच्या भागूबाईने मला सांगितलं तेव्हा मी तिच्यावर खेकसलो. मे महिन्याचं ऊन, वसई स्टेशनापासून बैलगाडीत हाडं खिळखिळी झालेली, आणि समोर ही बाई देवीचा चमत्कार सांगत बसलेली. मी फ्रेडरिक तुस्कानो, विमा कंपनीचा तपासनीस. माणसं खोटं बोलतात असं धरून चालायचं आणि कुठं खोटं बोलली ते शोधून काढायचं, हा माझा धंदा. चमत्काराचा विमा कुणी उतरवत नाही.

पण बांधावर चढलो आणि माझं तोंड बंद झालं. शेतात डकोटा विमानाचा सांगाडा पडला होता. पुढचा भाग आणि दोन्ही पंख जळून कोळसा. मागच्या पोटात मात्र वेताच्या करंड्या रचल्या होत्या तशाच होत्या. वरचं गोणपाट काळवंडलेलं, आणि एक करंडी फुटली होती तिच्यातलं पान हिरवंगार. बायकांनी त्यावर हळदकुंकूही वाहिलं होतं.

"आमी हंडे घेऊन धावलो," भागूबाई म्हणाली. "इमान डोंगराकडून लय खाली आला. घरंघरं आवाज करीत होता. पडला तं पुढं सगला जाळ, मागं कायच नाय. देवीनं पाना राखली. पोराला नाय राखला."

पोरगा म्हणजे कॅप्टन हरिश्चंद्र चुरी. बोळिंजच्या पानमळेवाल्या चुरींचा एकुलता एक, लढाईच्या काळात हवाई दलात शिकून आलेला. तो जागीच गेला. सोबतचा सहवैमानिक बाहेर फेकला गेला म्हणून वाचला, आणि हॉस्पिटलात पडला होता.

ते साल त्रेपन्न. लढाई संपल्यावर अमेरिकनांनी मागे टाकलेली डकोटा विमानं मातीमोलाने विकली गेली आणि देशात विमान कंपन्यांचं पेव फुटलं. फाळणीत लाहोर-मुलतानची गिऱ्हाइकं गेल्यामुळे आमचे वसईचे पानवाले हवालदिल होते. त्यांना विमान म्हणजे देवच भेटला. आगगाडीत पान दोन दिवस उकडायचं. आता सकाळी निघालेलं पान दुपारी दिल्लीच्या पानवाल्याच्या फडक्यात. उद्या विलायतेलाही जाईल, असं लोक पारावर बोलायचे.

परतताना बोळिंजला चुरींच्या घरी गेलो. हरिश्चंद्रची आई, सावित्रीकाकी, ओटीवर बसली होती. रडून झालेलं होतं. मला म्हणाली, "भाऊ, तो गेला तो काय परत यायचा नाय. पण लोक बोलतात, तो दारू प्यायला होता. चौकशीत तसं लिहिलं तर कायमचं लिहिलं. तेवढं होऊ देऊ नका."

मी शब्द दिला नाही. माझ्या धंद्यात देत नाहीत. पण दारात चप्पल घालताना माझ्या मनात आलं की ही अफवा एवढ्या लवकर उठवली कुणी.

२

ती उठवली होती गुरुदत्तशेठनी, विमान कंपनीच्या मालकांनी. सांताक्रूझच्या त्यांच्या ऑफिसात त्यांनी मला चहा पाजला आणि अगदी दुःखी चेहऱ्याने सांगितलं की अपघाताच्या आदल्या संध्याकाळी कॅप्टन आपल्याच मेकॅनिकच्या घरी, पापडीला, बाप्तिस्म्याच्या जेवणावळीत होता. तिथं काय वाहतं ते मी वसईकर म्हणून जाणतोच, असंही वर म्हणाले.

मी जाणतच होतो. पण मी दुसरंही जाणत होतो. या विमानाचा विमा शेठनी महिन्याभरापूर्वीच वाढवून घेतला होता. आणि संसदेत कायदा झाला होता की साऱ्या खाजगी विमान कंपन्या सरकार ताब्यात घेणार. जुन्या डकोटाला सरकार काय मोल देईल ते कुणीही सांगावं. जळालेल्या डकोटाला विमा जास्त देतो.

हे तोंडावर म्हटल्यावर शेठ हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. खिडकीबाहेर त्यांचं दुसरं डकोटा उन्हात उभं होतं, तिकडे बघत म्हणाले, "तुस्कानो, दहा वर्षांनी या देशात आजच्या दसपट माणसं उडतील. मोठी विमानं येतील, मोठे विमानतळ येतील. त्यात मी नसेन. पण म्हणून मी माझा माणूस मारीन का? शनिवारी हे विमान पानं घेऊन जाणार आहे. हवं तर तुम्ही बसा त्यात."

ज्या कारणाने पहिलं पडलं ते कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि दुसरं शनिवारी निघणार होतं.

आमच्या मोठ्या साहेबांना याची काळजी नव्हती. त्यांचं गणित सोपं होतं. मालकाने पाडलं असेल तर पैसे द्यायचे नाहीत. वैमानिक प्यायला असेल तरी द्यायचे नाहीत. दोघांपैकी एक आण, म्हणाले.

३

मेकॅनिक बर्नार्ड मला घरातच घेईना. दार अर्धं उघडून उभा. विमान उत्तम होतं, इंजिनं आपण स्वतः तपासली होती, एवढं एकच पालुपद. जेवणावळीचं विचारलं तर मूग गिळून गप्प. चोराच्या मनात चांदणं, असं मी मनाशी म्हटलं. इंजिनात याने काही केलं असेल आणि शेठनी करवलं असेल तर दोन्ही धागे जुळत होते.

मग एकदम डोक्यात उजेड पडला. दारूबंदीचा कायदा कडक होता. घरात दारू होती असं कबूल केलं तर बर्नार्ड तुरुंगात जाणार, नोकरीही जाणार. मी त्याला आमच्या बोलीत सांगितलं की बाबा, मी पोलीस नाही, माझ्याही बाप्तिस्म्याला पाहुण्यांना कुणी नुसतं पाणी पाजलेलं नाही. तेव्हा कुठं त्याने दार पूर्ण उघडलं.

दारू होती. पण हरिश्चंद्र ती यायच्या आधीच जेवून उठला होता. दुसऱ्या दिवशी विमान असलं की तो थेंबाला शिवत नसे. सगळे चिडवत होते, तरी लिंबाचं सरबत पिऊन गेला. हे चौकशीत सांगशील का, असं मी विचारलं. बर्नार्डने पोराच्या पाळण्याकडे पाहिलं.

"सांगेन," तो म्हणाला. "पण तुम्हाला एक सांगतो. मी धावपट्टीच्या कडेला उभा होतो. शेपूट जमिनीवरून उठायलाच तयार नव्हतं. पट्टी संपत आली तेव्हा कसंबसं उठलं. माझ्या आयुष्यात असं मी पाहिलेलं नाही. इंजिनं तर गात होती."

४

सहवैमानिक पंजाबी पोरगा होता, छाती प्लास्टरमध्ये. कुणी विचारलंच नव्हतं म्हणून त्याने सांगितलंही नव्हतं. विमान चढत नव्हतं. दोन्ही इंजिनं पूर्ण जोरात ठेवावी लागली, त्याने उजवं तापलं आणि बंद पडलं. मोकळं डकोटा एका इंजिनावर घरी येतं. हे दगडासारखं खाली बसू लागलं. मागे वळायला जागा हवी म्हणून कॅप्टनने ते तुंगारेश्वरच्या डोंगरापासून चांदीपच्या शेतांकडे वळवलं.

"शेवटी ते काय बोलले?" मी विचारलं.

"देवाचं नाव नाही घेतलं. म्हणाले, हे वजन आलं कुठून?"

मी खुर्चीवरून उठलोच. वजन. आता सगळं सरळ दिसायला लागलं. करंड्यांत पानांखाली कुणी काहीतरी जड लपवून पाठवत होतं. चोरटं सोनं म्हणा, दुसरं काही म्हणा. आणि करंड्यांवर हात असलेला माणूस एकच होता, दिनानाथ.

दिनानाथ हा बोळिंजचा अडत्या. गावची पानं गोळा करून बाजाराला धाडणारा. त्याची खरी कमाई आगगाडीच्या पार्सलांवर होती, विमान त्याच्या पोटावर येत होतं, आणि हे उडतं खेळणं एक दिवस पडेल असं तो चारचौघांत बोलला होता. मी त्याला घोळात घेतलं तेव्हा तो ते नाकबूल गेला नाही. बोललो होतो, म्हणाला, पण बोलणं वेगळं आणि करणं वेगळं. करंड्या आदल्या संध्याकाळी चुरींच्या अंगणात कंपनीच्या कारकुनाने स्वतः काट्यावर तोलल्या, तोंडं शिवली आणि शिशाची सीलं लावली. पहाटे गाडीतून विरार स्टेशन, तिथून रेल्वेने सांताक्रूझ. सील लावल्यावर करंडीला कुणी हात लावलेला नाही. कुलदेवतेची शपथ घ्यायला तयार होता. सावित्रीकाकीला त्याच दिवशी विचारलं, तीही हेच म्हणाली.

विमानतळावरचा हमाल नथू, त्यानेही तेच सांगितलं. सीलं सगळी शाबूत होती, त्याने खांद्यावरून एकेक चढवली होती. जड होत्या का, असं विचारलं तर म्हणाला की होत्या बाबा, आपण मुकादमाला म्हणालोही, तर मुकादम म्हणाला की रात्री जेवला नाहीस काय. बाकी त्रास काही नव्हता. उलट त्या उकाड्यात पाठ थंडगार झाली, बरं वाटलं.

विमानतळावर पुन्हा तोललं का नाही? तर कारकुनाचं वजन ठरलेलं, सील ठरलेलं, आणि ऊन चढायच्या आत निघायचं ठरलेलं.

चांदीपच्या शेतातून उचललेल्या करंड्या विरारच्या पोलीस ठाण्यात पडल्या होत्या. मी फौजदाराला गळ घातली. सीलं तपासली, एकही फुटलेलं नाही. मग त्याच्यासमोर एकेक करंडी फोडून उपसली. पान, भाताचा पेंढा, केळीची पानं. सोनं नाही, काही नाही. तेव्हा मी काटा मागवला.

वजन कारकुनाने लिहिलं होतं त्याच्यापेक्षाही किंचित कमीच भरलं.

फौजदार माझ्याकडे बघून मिशीत हसला. मला हसू येत नव्हतं. सीलबंद करंडीत वजन शिरलं, विमान पाडलं, आणि सील न फोडता निघूनही गेलं.

५

शुक्रवारी दुपारी मी बोळिंजला गेलो. कशासाठी, तर हात टेकले हे सांगायला. दारूचा डाग पुसला होता, पण चौकशीत एवढ्याने भागणार नव्हतं. इंजिन चांगलं, माल बरोबर, मग उरला कोण? वैमानिक. चूक त्याचीच लिहिली जाणार, फक्त दारूविना. आणि उद्या दुसरं विमान उडणार होतं.

सावित्रीकाकी अंगणात होती. दिवसकार्य अजून व्हायचं होतं, पण वेलीवरचं पान सुतक पाळत नाही. गावच्या साऱ्या करंड्या अंगणात मांडल्या होत्या. कारकून नुकताच तोलून, सीलं लावून गेला होता. काटा अजून चिंचेला टांगलेला होता. बाजूला पानमळा, आणि मळ्याच्या कडेला बावखल. आमच्याकडे प्रत्येक वाडीला असं गोड्या पाण्याचं तळं असतं, झाडाझुडपांत लपलेलं.

मी बोलत होतो आणि ती ऐकत होती. ऐकता ऐकता उठली, बावखलातून घागर भरून आणली आणि बोलण्यात खंड न पडता पहिल्या करंडीवर ओतली. मग दुसरीवर. गोणपाटाने पाणी सोकून घेतलं, खाली पेंढ्यात मुरलं. सील जागच्या जागी होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो मी घातला होता. वसईत जन्मलो, लहानपणापासून पानाच्या करंड्यांवर पाणी मारताना बघत आलो, म्हणूनच मला ते कधी दिसलं नाही.

"काकी, हे काय करता?"

"काय म्हणजे? पान आहे ते. पाणी नको?"

"सील लावल्यावर कुणी हात लावला का, असं मी त्या दिवशी विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"मग हात कुठं लावला? पाणी घातलं."

ती खोटं बोलत नव्हती. दिनानाथही बोलला नव्हता. पाणी घालणं हे त्यांच्या लेखी काही करणंच नव्हतं. मी तिला दुसरी घागर खाली ठेवायला लावली. एक कोरडी करंडी काट्याला अडकवली, वजन घेतलं. ती भिजवली आणि पुन्हा अडकवली. पारडं खाली गेलं. मी एक शेर टाकला, मग आणखी एक, मग आणखी. काकी वजनांकडे बघत होती. तिच्या हातातलं फडकं तिने हळूहळू पिळायला सुरुवात केली.

आता सगळं आपोआप लागत गेलं. नथूची पाठ थंड का झाली. जाळात करंड्या का वाचल्या. ठाण्यात आठवडाभर उन्हात पडून वजन कुठं गेलं. आणि शेपूट का उठत नव्हतं, कारण करंड्यांतून निथळलेलं पाणी, शेपूट जमिनीला टेकून उभ्या असलेल्या विमानाच्या पोटात, उतारानं मागे जाऊन साठलं होतं. दिनानाथला मी दुसऱ्या दिवशी धरलं तेव्हा तोही म्हणाला की स्टेशनवर त्याच्या माणसाने आणि सांताक्रूझला त्याने स्वतः थोडंथोडं मारलं होतं, नेहमीचं. आगगाडीला त्याने कधी काही झालं नव्हतं.

"पण पाणी तर दरवेळी घालतो," काकी म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "आधी कधी नाय पडलं."

"त्या दिवशी जास्त घातलं होतं का?"

ती बोलली ते बावखलाकडे बघत. त्या दिवशी ऊन फार होतं. आणि पहिल्यांदाच गावची पानं हरिश्चंद्र नेणार होता. आजवर दुसरे वैमानिक न्यायचे. दिल्लीला उतरल्यावर व्यापाऱ्याने त्याच्यादेखत करंडी उघडली आणि पान कोमेजलेलं निघालं, तर पोराची मान खाली जाईल. म्हणून कारकून गेल्यावर तिने घागरीने घातलंच नाही. मळ्यातल्या बायकांना घेऊन एकेक करंडी बावखलात बुडवून काढली.

मी तिथेच जमिनीवर बसलो.

"त्याला ठाऊक होतं?" मी विचारलं. "विमानात पाणी घालू नका, असं कधी म्हणाला होता?"

"त्याला कशाला सांगायचं? त्यात सांगण्यासारखं काय होतं. तोही काय बोलला नाय कधी. एवढासा असल्यापासून बघत आला, त्याला काय नवल त्याचं?" मग माझ्याकडे वळली. "भाऊ, म्हणजे मीच ना?"

मी माझ्या धंद्यात शेकडो माणसांना कात्रीत पकडलं आहे. त्या बाईला हो म्हणताना माझी जीभ उचलली नाही. तिला ते उत्तर पुरलं. ती उठली, बायकांना हाका मारल्या आणि भिजलेल्या तिन्ही करंड्या बाजूला काढायला लावल्या. उद्याच्या विमानात पुन्हा तोलल्याशिवाय एकही करंडी चढवू नका, असा निरोप घेऊन मीच विरारला तारेच्या ऑफिसात धावलो.

६

चौकशी जूनच्या सुरुवातीला झाली. आभाळ भरून आलं होतं, हॉलमध्ये घुसमटत होतं. मी अहवालात लिहिलं होतं की माल सील झाल्यावर प्रथेप्रमाणे पाणी घातलं गेलं, त्याने वजन वाढलं. कुणी घातलं ते लिहिलं नव्हतं. पानवाल्यांनी, एवढंच. मोठे साहेब माझ्यावर जाम उखडले होते, कारण आता विमा द्यावा लागणार होता. बर्नार्डने साक्ष दिली, जेवणावळीचंही सांगितलं. नथूने दिली. मला वाटलं, जिंकलो.

मग गुरुदत्तशेठचा वकील उठला. सावकाश चष्मा पुसला आणि एकच प्रश्न विचारला. कॅप्टन चुरी बोळिंजचे ना? पानमळेवाल्याच्या घरातले? मग करंड्यांना पाणी घालतात हे या खोलीत सर्वांत आधी कुणाला ठाऊक असायला हवं होतं? त्यांनी माल पुन्हा का तोलून घेतला नाही?

अध्यक्षांनी मान डोलावली आणि लेखणी उचलली.

वकील म्हणाला ते खरंच होतं. मी इतके दिवस धडपडून जे शोधून काढलं होतं, त्याचाच खड्डा त्या पोरासाठी खणला गेला होता. प्यायलेला नव्हता, तर बेफिकीर होता, असं आता कायमचं लिहिलं जाणार होतं.

मागच्या बाकावरून सावित्रीकाकी उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. शिपाई पुढे आला तसा अध्यक्षांनी त्याला थांबवलं.

"साहेब, त्याने सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी दुपारी घरी आला तेव्हा पुन्हा पुन्हा बजावून गेला. आई, विमानात पाणी चालत नाय, एक थेंब घालायचा नाय. स्वतःच्या गळ्याची शपथ घातली त्याने मला. मी हो म्हटलं. म्हणून तो निर्धास्त होता. तो गेला आणि मी करंड्या बुडवल्या. त्याला वाटलं आई ऐकेल. मी नाय ऐकलं."

वकील खाली बसला. अध्यक्षांनी तिला विचारलं की हे तुम्ही पूर्ण विचार करून सांगता आहात का, कारण याचा अर्थ काय होतो तुम्हाला कळतं ना. ती म्हणाली, कळतं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तपासनीस म्हणून तुम्ही बाईंशी बोलला होता, तुमच्या तपासात हे आलं होतं का?

खोटं ओळखण्याचा मला पगार मिळत होता. या बाईचं खोटं ओळखायला तर तपासाचीही गरज नव्हती. अंगणात काट्याखाली उभी राहून तिने मला नेमकं उलटं सांगितलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. विनवणी नव्हती, काही नव्हतं. पदर खांद्यावर घट्ट धरून उभी होती.

"हो साहेब," मी म्हणालो. "मला तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी."

अध्यक्षांनी लिहिलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं की कॅप्टन हरिश्चंद्र चुरी यांच्याकडून कोणताही हलगर्जीपणा झाला नाही. त्यांची स्पष्ट सूचना घरच्या माणसाने मोडली.

काकीने त्यांना ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. ती शेवटपर्यंत ऐकून खाली बसली.